धावपट्टीवर आरएक्सचा खरा वेग मोजायचाय: पात्रता आणि चाचणी फेऱ्यांचे नियम कसे ठेवू?

अंबड_लेथ | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर उत्तर नको म्हणून सगळं सांगतो.

माझं अंबडला छोटं युनिट आहे. दोन लेथ, एक ड्रिल, बुश-पिना-शाफ्टची जॉबवर्कची कामं. वय ३१. आम्ही नाशिकचे अकरा जण जुन्या टू-स्ट्रोक गाड्या सांभाळतो. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीला जमतो आणि दर रविवारी तोच विषय निघतो, कुणाची गाडी किती पळते. एक म्हणतो माझी यामाहा आरएक्स एकशे वीस, दुसरा म्हणतो माझी सुझुकी शोगन एकशे तीस. आकडे सगळे स्पीडोमीटरचे, आणि ते स्पीडोमीटर तीस वर्षांचे. कुणाचं चाक बदललेलं, कुणाची केबल दुसऱ्याच गाडीची. खरा आकडा आमच्यापैकी एकालाही माहीत नाही, आणि मला तो मनापासून हवाय.

आता संधी आली आहे. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी आमच्या क्लबला जिल्ह्याबाहेरची एक खासगी धावपट्टी मिळतेय. लेखी परवानगी हातात आहे. लांबी २,००० मीटर, वेळ सकाळी ७ ते दुपारी १. रस्त्यावर कुणी वेगाचा प्रयोग करायचा नाही हे आमचं सुरुवातीपासून ठरलेलं आहे, त्यामुळे हे सहा तास आमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हौशी लोक स्वतःच्या गाड्या घेऊन जातात, तिथे आधी ‘क्वालिफाय’ व्हावं लागतं एवढं मी वाचलंय. पण क्वालिफाय म्हणजे नेमकं काय? एकदा जोरात पळवली की झालं, की परत पळवून दाखवावी लागते? चाचणी फेऱ्या किती द्यायच्या आणि त्यात काय बघायचं? अकरा गाड्यांत वर्ग कसे पाडायचे?

माझी स्वतःची गाडी बाबांची. १९९२ची आरएक्स १००. २००४ साली बाबांनी सातपूरच्या एका मिस्त्रींकडे बोअर मारून घेतला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला, आणि पन्नासचा (मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा) पिस्टन टाकला. त्यानंतर इंजिन उघडलेलं नाही. बाबा २०१७ला गेले. मी सगळ्या आरएक्स १०० सरळ ‘१०० सीसी’ वर्गात धरल्या आहेत, शोगन वेगळी. बरोबर आहे ना?

---

पाथर्डीफाटा_२टी | ४ ऑक्टोबर, रात्री ११:०२

भावा, एवढं अवघड कशाला करतोस? टाकीवर मोबाइल चिकटव, जीपीएसचं अ‍ॅप लाव, प्रत्येकाला तीन चान्स दे आणि सर्वांत जास्त आकडा लिहून घे. परतीच्या फेरीत अर्धा वेळ जाईल. आणि माझ्या माहितीप्रमाणे कॅलिफोर्नियात एल मिराजला एकाच फेरीवर विक्रम धरतात. मग आपल्याला दोन फेऱ्यांचा हट्ट कशाला?

---

मायक्रोमीटर | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

लेथवाल्या मुला, तुला अरेतुरे करतोय, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

मी नाशिकच्या एका कारखान्यात ३२ वर्षं क्वालिटीत होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला गेलो. तिच्या शेजारच्या गृहस्थांची मोटरसायकलची टीम होती. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी ऑगस्टातल्या स्पीड वीकला मी त्यांच्याबरोबर बॉनव्हिलला होतो. माझ्याकडे नोंदवही होती. तापमान, हवेचा दाब, कोणता जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र), स्प्रॉकेटचे दाते किती, आलेला वेग. प्रत्येक फेरीची एक ओळ.

आधी पात्रतेचं सांगतो, कारण सगळ्यांची गल्लत तिथेच होते. पात्र होणं म्हणजे विक्रम नव्हे. तिथला कार्यक्रम एससीटीए ही १९३७ सालची संस्था चालवते, बॉनव्हिलला १९४९पासून. तुमच्या वर्गाचा जुना विक्रम हीच पात्रतेची रेघ. ती ओलांडलीत की गाडी थेट इंपाउंडमध्ये न्यायची. इंपाउंड म्हणजे दोरी लावून राखलेली जागा. तिथे चार तास गाडीवर काम करता येतं, मग हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवायची. दोन्ही फेऱ्यांची सरासरी जुन्या विक्रमाच्या वर गेली तरच नाव लागतं. त्यानंतर इंजिन मोजतात. माझं आयुष्य मोजण्यात गेलं, त्यामुळे मला त्या मैदानावरची सर्वांत आवडती जागा कोणती, तर ही मोजणीची.

बर्ट मन्रो हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचे. १९६७ साली वयाच्या ६८व्या वर्षी १९२० सालची इंडियन स्काउट घेऊन ते बॉनव्हिलला उतरले होते. त्यांची पात्रतेची फेरी होती ताशी १९०.०७ मैल. पण विक्रम म्हणून नोंद झाली १८३.५९ची, कारण विक्रम सरासरीचा असतो. पुढे २०१४ साली, ते जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, त्यांच्या मुलाला त्या जुन्या हिशेबात चूक सापडली आणि आकडा १८४.०८७ झाला. १९६७चे कागद जपून ठेवलेले होते म्हणून हे होऊ शकलं. तुमचीही वही अशी ठेवा की पन्नास वर्षांनी कुणी उघडली तरी हिशेब पुन्हा करता येईल.

पाथर्डीफाटा, तुमचं एल मिराजचं बरोबर आहे. तो कोरडा तलाव आहे, पट्टा १.३ मैलांचा, तिथे एकाच फेरीवर विक्रम लागतो. आणि बॉनव्हिलच्या स्पीड वीकला दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने असतात हेही सांगून ठेवतो. उलटसुलट दिशांचा नियम आंतरराष्ट्रीय संस्थांचा. चारचाकींच्या एफआयएचा एका तासात, दुचाकींच्या एफआयएमचा दोन तासांत. हा तास किती कडक असतो बघा. १३ ऑक्टोबर १९९७ला नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही गाडी दोन्ही दिशांना आवाजापेक्षा वेगाने गेली, पण परतीच्या फेरीला जेमतेम मिनिटभर उशीर झाला. नोंद झाली नाही. दोन दिवसांनी पुन्हा सगळं केलं तेव्हा ताशी १,२२७.९८५ किलोमीटरचा विक्रम लागला.

तुमच्यासाठी मी दोन दिशाच सुचवेन, आणि कारण वारा. कागदावर मांडून बघा. गाडीची सगळी ताकद हवा कापण्यात जाते असं धरलं, तर मागून आलेल्या वाऱ्याचा साधारण दोन तृतीयांश वेग तुमच्या आकड्यात मिसळतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलतात तेवढा. कुणी त्याला वारा म्हणणारसुद्धा नाही. तेवढ्यात १०८ची गाडी ११८ दाखवते. परत येताना ९८. एकाच दिशेचा आकडा घेतलात तर तुम्ही गाडी मोजली नाहीत, ती सकाळ मोजलीत.

मोबाइलचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा वाचन घेतं आणि अ‍ॅप त्यातला सर्वांत मोठा आकडा दाखवतं. पट्टीला थोडा उतार असला तर तो उताराचा आकडा. स्वतःच्या अभ्यासाला ठीक. नोंदीला मोजपट्टा हवा, म्हणजे ठरावीक अंतर आणि त्याला लागलेला वेळ. २०० मीटर घ्या. ताशी १०८ म्हणजे सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ६.६७ सेकंद. स्टॉपवॉच हातात धरून ०.२ सेकंदाची चूक झाली तर ३ किलोमीटरचा फरक, म्हणजे सगळं भांडण तिथेच परत सुरू. अंबडला ऑटोमेशन करणारी मुलं आहेत, त्यांच्याकडून दोन फोटो सेन्सर आणि एक घड्याळ लावून घे. शंभरांश सेकंदाची चूक म्हणजे ताशी ०.१६ किलोमीटर, तेवढी चालेल. दोन्ही किरण एकाच उंचीवर ठेव, पुढच्या चाकाच्या आसाच्या उंचीला, म्हणजे दोन्हीकडे गाडीचा तोच भाग किरण तोडेल. आणि २०० मीटर ३० मीटरच्या टेपने सात वेळा जोडून मोजू नकोस, सर्व्हेवाल्याला बोलव. (पोलादी टेप १५ अंशांच्या फरकाने २०० मीटरला साडेतीन सेंटिमीटर वाढते. तेवढं सोडून दे.)

पट्टीची आखणी: १,१०० मीटर वेग घ्यायला, २०० मोजपट्टा, ७०० थांबायला. उलट फेरीत थांबायची जागा १,१०० होते आणि वेग घ्यायला ७०० उरतात, ते तुमच्या गाड्यांना पुरणार नाही. म्हणून मोजपट्टा बरोबर मधोमध घे, दोन्हीकडे ९००. पहिली आखणी बॉनव्हिलच्या सवयीने लिहिली गेली, ती खोडून टाक.

अजून एक. सरासरी कशाची काढणार ते आधी लिही. जाताना १२० आणि येताना १०० असेल तर वेगांची सरासरी ११०, पण दोन्ही वेळा मिळवून काढलीस तर १०९.०९. दोन्ही पद्धतींना अर्थ आहे. सकाळी सातला कोणती ते कागदावर असू दे.

तुझ्या पोस्टमधला एक शब्द मला खटकतोय, पन्नासचा पिस्टन. त्यावर संध्याकाळी लिहितो.

---

दोन_ठोके | ५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

काकांनी मोजणीचं सांगितलं, मी इंजिनाचं सांगतो. पंचवटीत वीस वर्षं टू-स्ट्रोकच बनवतोय.

आपल्या गाड्यांना सलग फुल अ‍ॅक्सिलरेटर माहीतच नाही. गावात, घाटात आपण सतत सोडतो-पिळतो. सोडल्यावर जो क्षणभर मिळतो त्यात पिस्टन निवतो. धावपट्टीवर ९०० मीटर अधिक २०० मीटर, चाळीस-पंचेचाळीस सेकंद मूठ पूर्ण पिळलेली राहणार. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, सगळं छान दिसतं, कारण तिथे मूठ पिळून केलेली एक मोजणी दहा-बारा सेकंदांत संपते. आमच्या गॅरेजमधल्या एका मुलाची गाडी ट्रॅकवर अशीच सरळ पट्ट्यावर सीज झाली, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला. मागचं चाक जाम. त्याची दोन बोटं क्लचवर होती म्हणून तो उभा राहिला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगतो, मूठ पिळलेली असताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून काढायची नाहीत.

दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. ज्यांनी जुन्या पेट्रोलवर जेट बसवला आणि नंतर हात लावला नाही त्यांनी एक पायरी मोठा जेट लावूनच पहिली फेरी करावी.

चाचणी फेरीत वेग बघू नका, प्लग बघा. नवा प्लग लावा, पूर्ण मूठ पिळून मोजपट्टा पार करा, मग मूठ तशीच ठेवून क्लच दाबा आणि त्याच क्षणी किल स्विच. गाडी घरंगळत थांबू द्या. मूठ हळूहळू सोडून स्लो चालवत परत आलात तर प्लगवर स्लोचा रंग चढतो, काही कळत नाही. सिरॅमिकच्या अगदी मुळाशी, आतल्या बाजूला, भिंग लावून रंग बघायचा. तपकिरी कडं दिसलं तर ठीक. पांढरं स्वच्छ असेल, वर बारीक चकाकणारे ठिपके असतील तर थांबा, ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. दुसरी फेरी नाही.

---

मायक्रोमीटर | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

दोन_ठोके यांच्या बोलण्याला जोडून आमच्या टीमचं एक सांगतो. २०१९ला आम्ही दुपारी तीनच्या सुमारास पात्र झालो. उन्हाने मीठ डोळ्यांत घुसत होतं, हवा तापलेली. जेट त्या हवेला बरोबर बसलेला. चार तास मिळाले त्यात आम्ही चेन, टायर, बोल्ट सगळं पाहिलं, जेट बदलला नाही, कारण ‘चालतंय त्याला हात कशाला’ असं सगळ्यांचं मत पडलं. सकाळची हवा गार म्हणजे घट्ट. त्याच जेटवर मिश्रण पातळ. दुसऱ्या मैलात पिस्टन धरला. गाडीवरचे गृहस्थ सुखरूप थांबले, पण विक्रम गेला. माझ्या वहीत दोन्ही वेळचं तापमान होतं, एकाखाली एक. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं नाही. मी नवखा होतो, पाहुणा होतो. ती ओळ आजही माझ्या डोळ्यांसमोर येते.

नोव्हेंबरात तुमच्याकडे सातला १५ अंश आणि बाराला ३० असेल. हवेच्या घनतेत पाच टक्क्यांचा फरक. सकाळी लवकर पळणाऱ्याला जाड जेट, हे नियमात लिहिता येत नाही, पण फलकावर दर अर्ध्या तासाने तापमान लिहा आणि एक माणूस असा नेमा की ज्याला ते मोठ्याने वाचायचं कामच आहे.

---

लाल_झेंडा | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

मी गेली नऊ वर्षं नाशिकच्या आणि बाहेरच्या रॅलींमध्ये मार्शल म्हणून उभी राहते. दिवसा डेंटिस्ट आहे. तुमच्या धाग्यात आतापर्यंत माणसाबद्दल कमी बोललं गेलंय, म्हणून लिहिते.

बॉनव्हिलला नवख्याला पहिल्याच फेरीत पूर्ण वेग देत नाहीत. लायसन्सच्या पायऱ्या आहेत, खालच्या वेगाची फेरी नीट केली की वरची उघडते. तुम्हीही तेच करा. पहिली फेरी ६० किलोमीटरला. हसू नका, त्या फेरीत मला दिसतं की माणूस सरळ रेषेत राहतो का, मोजपट्टा संपल्यावर एकदम उठून बसतो का, ब्रेकवर पडतो का, ठरलेल्या बाजूनेच बाहेर वळतो का. छाती टाकीला लावून झोपलेला माणूस शंभरच्या वेगात अचानक उठला की हवेचा धक्का हँडलपर्यंत पोचतो. आधी मूठ हळू सोडायची, मग हळूहळू उठायचं, मग मागचा ब्रेक. दुसरी फेरी ८०ला. तिसरी पूर्ण, आणि तीच तुमची पात्रता फेरी. तुमच्याकडे जुना विक्रम नाही तर रेघ तुम्हीच आखा, १०० सीसीला ९० म्हणा. पण सरळ न चालवणाऱ्याला वेग असूनही पात्र करू नका. हा अधिकार एकाच माणसाकडे द्या आणि तो स्वतः गाडी घेऊन उतरलेला नसावा.

तपासणीत मी काय बघेन: टायरवरचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, पाच वर्षांच्या पुढचा टायर परत. व्हॉल्व्हला धातूचं झाकण, प्लास्टिकचं नाही, कारण चाक जोरात फिरलं की व्हॉल्व्हची सुई बाहेर ढकलली जाते आणि हवा धरून ठेवायला ते झाकणच उरतं. ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार. मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच, माणूस पडला की इंजिन बंद. चेनला गार्ड. एका तुकड्याचा किंवा झिपने जोडलेला लेदरचा सूट. जीन्सवर कुणीही चालवणार नाही, मग तो क्लबचा अध्यक्ष असो.

पट्टीवर एका वेळी एकच गाडी. अ‍ॅम्ब्युलन्स कुणाला घेऊन निघाली की ती परत येईपर्यंत सगळं बंद, पुढे अकरापैकी कितीही जण रांगेत असोत. इंजिन, ब्रेक, माणूस, सगळं ठीक असूनही मी एक दिवस रद्द होताना पाहिलाय, कारण पट्टीवर शेजारच्या शेतकऱ्यांनी मका वाळत घातला होता. त्यांनी तो उचलला, पण दाणे खड्ड्यांत राहिले. डांबरावर मक्याचे दाणे म्हणजे छर्रे. नोव्हेंबर आहे, तुमच्याकडेही मका आणि सोयाबीन असणार. आदल्या दिवशी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. आणि त्या शेतकऱ्यांशी आधी जाऊन बोला, त्यांचा वाळवणाचा एक दिवस तुम्ही घेताय.

स्पर्धा म्हणून करणार असाल तर देशात मोटरस्पोर्टचं काम एफएमएससीआय बघते. लायसन्स, परवानगी आणि विमा यांचं त्यांच्याशी आधी बोलून घ्या. मी यायला तयार आहे, बरोबर अजून तीन मार्शल आणते.

---

मायक्रोमीटर | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ताईंनी लिहिलेलं छापून पट्टीवर लावा.

आता पन्नासचा पिस्टन. आरएक्स १००चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिलिमीटर. हिशेब केला तर ९८.१७ सीसी. पंचवीसचा पिस्टन टाकला तर बोअर ५०.२५, इंजिन ९९.१६ सीसी. अजून शंभरच्या आत. पन्नासचा टाकला की बोअर ५०.५० आणि इंजिन १००.१५ सीसी.

बाळा, तुझी गाडी १०० सीसी वर्गात बसत नाही.

०.१५ने काय फरक पडतो असं कुणीतरी म्हणेल. वेगात काहीच नाही पडत. पण बॉनव्हिलला १००च्या वर १२५चा वर्ग आहे, त्यावर १७५चा, आणि इंजिन मोजल्यावर जो आकडा येतो तो ज्या घरात पडतो तिथे गाडी जाते. आज ०.१५ सोडलंस तर उद्या शंभरचा पिस्टन घेऊन येणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवशील? त्याचं इंजिन १०२.१४ होतं. वर्ग टाकीवरच्या नावाने पाडू नकोस, बोअर गेजने पाड. ज्याला १००मध्ये पळायचंय त्याने ब्लॉकला नवी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) घालून स्टँडर्ड पिस्टन टाकावा, नाहीतर १२५मध्ये पळावं. तुझ्याकडे लेथ आहे, ओळखीचे बोअरवाले आहेत. आठवड्याचं काम आहे.

---

पाथर्डीफाटा_२टी | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४८

काका, वाऱ्याचा हिशेब मी रात्री कागदावर करून बघितला. तुमचं बरोबर आहे. दोन फेऱ्या. फोटो सेन्सर माझ्या कंपनीतल्या एकाकडे आहेत, मी विचारतो.

माझ्या गाडीत पंच्याहत्तरचा आहे. म्हणजे मी पण १२५मध्ये.

---

अंबड_लेथ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

उशीर झाला, आधी सगळ्यांच्या गाड्या मोजून घेतल्या.

शनिवारी अकरा जणांना युनिटवर बोलावलं. ज्यांनी हेड उघडू दिलं त्यांचं बोअर गेजने मोजलं, दोघांनी मिस्त्रींची जुनी बिलं आणली. दहा आरएक्सपैकी सहा शंभरच्या आत, चार वर. शोगन १०८, ती १२५मध्ये आहेच. म्हणजे सहा आणि पाच. मला वाटलं होतं वादावादी होईल. कुणी एक शब्द बोललं नाही, सगळे गेजच्या काट्याकडे बघत उभे होते.

बाबांच्या इंजिनाचं हेड २१ वर्षांनी उघडलं. बोअर ५०.५२. काका, पिस्टनची फट धरून तुमचा आकडा थोडा वाढला, १००.२३ सीसी. पिस्टनवर बाबांच्या मिस्त्रींनी खिळ्याने कोरलेला बाण आणि खाली तारीख आहे, १४-२-०४. सिलिंडरच्या भिंतीवर अजून होनिंगच्या, म्हणजे बोअर मारल्यावर घासताना उठलेल्या, रेघा दिसतात. इतकी वर्षं रोज सातपूरची सेकंड शिफ्ट करून, मागे मला शाळेतून आणून, त्या रेघा शिल्लक आहेत.

बोअरवाल्याने स्लीव्हचा भाव सांगितला, महाग नाही. रात्री बराच वेळ ब्लॉक हातात घेऊन बसलो. स्लीव्ह नाही घालणार. गॅस्केट नवं टाकलं, तोच पिस्टन परत बंद केला. गाडी १२५मध्ये पळेल. तिथे माझ्यासमोर शोगन आहे आणि ती जिंकेल हे मला दिसतंय. ताशी १०५वरून ११५ला जायचं तर ताकद तीस टक्के जास्त लागते, ती माझ्याकडे नाही. मला बाबांच्या पिस्टनचा खरा आकडा हवाय.

नियम लिहून झाले, दीड पान. फेऱ्या ६०, ८०, मग पूर्ण. पूर्ण फेरीत १०० वर्गाला ९० आणि १२५ वर्गाला ९५ची रेघ. पात्र झालेली गाडी दोरीच्या आत, तिथे फक्त प्लग, जेट आणि चेनला हात. मग दोन दिशा एका तासात, तास पहिल्या फेरीच्या सुरुवातीपासून. वेळांची सरासरी. सरळपणाचा निर्णय लाल_झेंडा ताईंचा, त्यावर अपील नाही. तापमान वाचायचं काम पाथर्डीफाट्याने मागून घेतलंय, त्याची फेरी असेल तेव्हा मी वाचेन.

दोन_ठोके, एक पायरी मोठा जेट मागवलाय. प्लगचे फोटो इथेच टाकेन, रंग तुम्ही सांगा.

ताई, पट्टीच्या शेजारच्या दोन शेतकऱ्यांना भेटून आलो. एकाचा मका त्याच आठवड्यात निघणार आहे, तो म्हणाला दोन दिवस ताडपत्रीवर घरी वाळवतो, पण आदल्या संध्याकाळी झाडून देणार असाल तर. आम्ही नऊ जण शनिवारी दुपारी तीनला तिथे असू. २,००० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद पट्टीला खराटे किती लागतील? तुम्ही मागच्या वेळी किती नेले होते?